दोन गिटारी, आवाज आणि बासरी कशी ऐकावी

पाश्चात्त्य अभिजात गिटारीचे युगुलवादन ज्यांना पहिल्यांदाच ऐकायचे आहे, त्यांनी ज्युलियन ब्रीम आणि जॉन विल्यम्स या दोन गिटारवादकांच्या १९७१ च्या ‘टुगेदर’ या ध्वनिमुद्रिकेपासून सुरुवात करावी आणि आवाज व बासरी यांच्याकडे त्यानंतरच वळावे. दोन गिटारींचे आपसातले बोलणे एकदा कानात बसले की तिसरा स्वर कुठे येऊन मिसळतो, हे आपोआप उमगू लागते.

आधी ऐकण्याची जागा आणि वेळ ठरवावी, कारण खान्देशात हा प्रश्न दुय्यम नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि घरोघरी दिवसभर कूलर चालू असतो. त्याच्या घरघरीत नायलॉनच्या तारांचा मऊ, लवकर विरणारा नाद पार बुडून जातो. मी स्वतः ही ध्वनिमुद्रिका पहिल्यांदा भर दुपारी कूलरसमोर बसून ऐकली आणि ‘यात काहीच नाही’ असे म्हणून बाजूला ठेवली. पुढे कित्येक महिन्यांनी, थंडीतल्या एका रात्री, गल्ली निजल्यावर तीच पुन्हा लावली, तेव्हा खालच्या तारांवरून बोट सरकताना होणारी बारीक खरखरसुद्धा ऐकू आली. मोबाइलच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नये. गिटारीची सर्वांत जाड तार मोकळी वाजते तेव्हा तिचा मूळ स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो, आणि तो छोट्या स्पीकरमधून जवळजवळ उमटतच नाही. साधा पण नीट बसणारा इअरफोन पुरेसा आहे.

आपले कान एका मुख्य गायकाला किंवा वादकाला ऐकायला आणि मागच्या तंबोऱ्याला व ठेक्याला गृहीत धरायला सरावलेले असतात. त्याच सवयीने युगुलवादन ऐकले तर वरची सुरावट तेवढी हाती लागते आणि उरलेले अर्धे संगीत निसटते. म्हणून माझा आग्रह असा की पहिल्या खेपेला खालच्या गिटारीलाच धरून बसावे. या ध्वनिमुद्रिकेतली फर्नांदो सोर या स्पॅनिश संगीतकाराची ‘लांकुराजमां’ (‘उत्तेजन’) ही रचना त्यासाठी फार उपयोगी आहे. सोरने ती गुरू आणि शिष्य यांच्यासाठी लिहिली: शिष्याने सोपी, गाती सुरावट वाजवायची आणि गुरूने खालून तिला आधार द्यायचा, अशी तिची मूळ मांडणी. आरंभीचा गाता भाग, मग एक विषय व त्याची रूपांतरे, आणि शेवटी वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या ठेक्याचे नृत्य), असा तिचा क्रम आहे. रूपांतरे सुरू झाली की मूळ विषय मनातल्या मनात गुणगुणत राहावे. तो कुठे लपला आणि कुठे वर आला, हे मग सहज कळते. पुष्कळ स्टिरिओ मुद्रणांत एक गिटार डावीकडे आणि दुसरी उजवीकडे असते. एक इअरफोन काढून ऐकले तर एकेकीचे काम वेगळे पारखता येते.

याला जुगलबंदी समजू नये. येथे प्रत्येक स्वर आधीच लिहिलेला असतो, आणि कोणी कोणावर मात करायची नसते. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींपैकी एकीने ओवी उचलावी, दुसरीने ती पुढे न्यावी, आणि खुंट्यावर मात्र दोघींचे हात असावेत, तसे हे नाते आहे. इदा प्रेस्ती आणि अलेक्झांदर लागोया या गिटारवादक दांपत्याची मुद्रणे मिळाली तर अवश्य ऐकावीत. १९६७ मध्ये प्रेस्तीचे निधन होईपर्यंत ते एकत्र वाजवत होते.

आवाजासाठी ब्राझीलचा संगीतकार व्हिला-लोबोस याच्या पाचव्या ‘बाकियानास ब्राझिलेरास’मधला १९३८ चा आरिया (एकल गायनाचा भाग) निवडावा. तो मूळचा एक सोप्रानो (उंच पट्टीत गाणारी गायिका) आणि आठ चेलो (व्हायोलिनच्या जातीची मोठी, खर्जातली वाद्ये) यांच्यासाठी आहे. आवाज व गिटार यांच्यासाठीचे रूप संगीतकारानेच केले. सुरुवातीला गायिका शब्दांविना, निव्वळ स्वरावर, लांब ओळ विणत जाते आणि गिटार तारा छेडून तिच्याखाली पावले टाकत राहते. आकाराची, म्हणजे ‘आ’ स्वरावर गाण्याची, सवय असलेल्या आपल्या कानांना येथे परके वाटण्याचे काही कारणच नाही. मधे पोर्तुगीज शब्द येतात, त्यांचा अर्थ पहिल्याच खेपेला शोधत बसू नये. शेवटी तीच सुरावट मिटल्या ओठांनी परत येते. तेवढ्या वेळात आवाज किंचितही वाढवू नये, कारण तिचे सगळे सौंदर्य त्या हळुवारपणात आहे.

बासरी शेवटी घ्यावी. ही धातूची, चाव्यांची बासरी असल्याने आपल्या बांबूच्या बासरीतली मींड तिच्यात शोधू नये. फुंकीचा आरंभ आणि गिटारीच्या तारेचा आघात नेमके एकाच क्षणी कसे पडतात, हे ऐकावे. फ्रेंच संगीतकार इबेरचा छोटासा ‘आंत्राक्त’ आणि अर्जेंटिनाचा संगीतकार पियाझोलाचा चार भागांचा, १९८६ चा ‘इस्त्वार द्यू तांगो’ यांत ते स्पष्ट कळते. पंडित रविशंकर यांनी तोडी रागावर बासरी आणि हार्प (उभे, अनेक तारांचे वाद्य) यांच्यासाठी केलेली रचना गिटारीच्या साथीनेही वाजवली जाते. ती मात्र सकाळी, घरातला कूलर सुरू होण्याआधी ऐकावी.