कोकणातल्या बागा बघायला निघालात? या चुका टाळा

मे महिन्यात आपल्याकडं चंद्रपूर, अकोला, वर्धा इथं पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा रत्नागिरीत 33-34 असतो. हा आकडा बघून बरीच मंडळी सुट्टीत नारळी-पोफळीच्या बागा पाहायला निघतात आणि दुपार झाली की घामानं चिंब होऊन खोलीत पडून राहतात. आपलं ऊन कोरडं, त्यामुळं घाम आला तसा वाळतो. समुद्राकाठी हवाच दमट, तिथं घाम वाळत नाही. आपल्या भरवशाचा कूलरही तिथं काही कामाचा नाही, कारण पाणी उडून गेलं तरच कूलर गार हवा देतो. म्हणून खोली घेताना कूलर विचारू नका, पंखा आणि समोरासमोर खिडक्या बघा. बाग सकाळी दहाच्या आत बघून घ्या, सुती कपड्यांचा एक जोड जास्तीचा ठेवा. धुतलेले कपडे आपल्यासारखे तासाभरात वाळत नाहीत.

काय बघायचं ते न ठरवता निघणं

नुसती हिरवाई आणि सुखाची हवा हवी असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. झाडावर लगडलेला हापूस बघायचा असेल तर एप्रिल. कोकमाची लाल फळं एप्रिल-मेमध्ये, काजूची बोंडं साधारण मार्चपासून. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन आंबे शोधणाऱ्यांना सहसा मोहोरही दिसत नाही. जायफळाची मजा मात्र पावसाळ्यात. पिवळट फळ झाडावरच तडकतं आणि आत लालभडक जायपत्रीनं वेढलेली काळसर बी दिसते. मसाल्याच्या डब्यातलं जायफळ आणि जायपत्री एकाच फळातून निघतात, हे लेकरांना तिथंच दाखवावं. पावसाळ्यात वाडीत, म्हणजे तिथल्या घरामागच्या बागेत, शेवाळ फार असतं, गुळगुळीत तळाच्या चपला नकोत.

वाडीत न विचारता शिरणं

बाग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नागपूरची महाराजबाग येते. तिकीट काढा, फिरा. दिवेआगर, श्रीवर्धन, गुहागर, केळशी, आंजर्ले इथल्या वाड्या तशा नाहीत. त्या कुणाच्या तरी घरामागची शेती आहेत. जांभ्या दगडाचा गडगा बुटका असला तरी तो धुराच आहे, ओलांडायचा नाही. अंगणातून हाक मारा, "वाडी बघू का?" असं विचारा. बहुतेक ठिकाणी कुणीतरी आनंदानं सोबत येतं आणि शेतकऱ्यानं शेतकऱ्याला विचारावेत असे प्रश्न विचारले की गप्पा रंगतात.

खाली पडलेली सुपारी बेवारस नसते. ती गोळा करून महिनाभराहून जास्त उन्हात वाळवतात, मगच सोलता येते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगर भागातल्या पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. नवं रोप धरायला सहा-सात वर्षं लागतात. संत्र्याची नवी बाग उभी करणाऱ्याला तो काळ किती लांब असतो हे सांगायला नको. तेव्हा फोटोसाठी रोपांच्या आळ्यात पाय देऊ नका.

माडाखाली मात्र बसू नका आणि गाडीही लावू नका. नारळ पडायला वारा लागत नाही, आणि वाळलेली झावळीही चांगलीच जड असते.

काजू हातानं फोडणं

ही चूक सगळ्यात दुखरी. बोंडाच्या खाली लटकलेली हिरवी बी लेकरं तोडतात आणि दातानं चावतात. टरफलात दाहक तेल असतं. ओठ सुजतात, कातडी काळी पडून सोलते. आपल्याकडं बिब्बा उततो म्हणतात ना, तोच प्रकार. काजू, बिब्बा आणि आंबा एकाच कुळातले. गोडंबीसाठी बिब्बे फोडणाऱ्या बायांचे हात ज्यानं पाहिले आहेत, त्याला जास्त सांगावं लागणार नाही. तेल लागलंच तर लगेच साबण आणि भरपूर पाण्यानं धुवा, डोळ्यांना हात लावू नका, फोड आले तर डॉक्टरांना दाखवा. बोंड खायला हरकत नाही, बी आधी पिळून वेगळी करा. रस कपड्यावर सांडला तर डाग जात नाही. हापूस देठाजवळ तोडला की चीक उडतो, तोही अंगावर घेऊ नये.

एका दिवसात पाच गावं

नकाशावर पलीकडचं गाव हाताशी दिसतं, मधे खाडी असते. दाभोळ-धोपावे, आगरदांडा-दिघी इथं गाडीसह फेरीबोटीनं पार होता येतं. तिच्या वेळा आदल्या दिवशीच विचारून ठेवा. घाटवळणांत 40 किलोमीटरला दीड तास धरा.

कलमं उचलून आणणं

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या रोपवाटिकेत गेलं की हात आवरत नाही. पण जांभ्या मातीत पाणी थांबत नाही, आपल्या काळ्या मातीत ते साचून राहतं, आणि तिकडची मुळं कुजतात. त्यातून वाचलं तरी मे महिन्यातली झळ असतेच. जायफळ आणि पोफळ आणूच नका, त्यांना सावलीसोबत बाराही महिने दमट हवा लागते. आंबाच लावायचा असेल तर आपल्या कृषी विज्ञान केंद्राला विचारून केसरसारखी जात घ्या.

हौस मिरवेलीवर, म्हणजे काळ्या मिरीच्या वेलीवर, भागवा. अंजनगाव सुर्जीची पानपिंपरी आणि रामटेकचं विड्याचं पान तिच्याच गोतातलं, म्हणजे सावलीत ओलावा टिकवणं आपल्या भागाला नवं नाही. मोठ्या कुंडीत पोयट्याची माती आणि शेणखत घाला, तळाशी विटांचे तुकडे टाका, वेल झाडाखाली नाहीतर शेडनेटमध्ये ठेवा. पानांच्या कडा करपू लागल्या तर नुसतं पाणी वाढवू नका, आधी कुंडी पश्चिमेच्या उन्हातून हलवा. पानं पिवळी पडून गळत असतील तर पाणी जास्त होतंय, वरची दोन बोटं माती कोरडी झाल्यावरच पुन्हा घाला.