दिवाडीसारखे बेट नेट झिरो करताना या चुका टाळा

गोव्यातल्या दिवाडीसारखे नदीतले बेट नेट झिरो करायचे, म्हणजे जेवढा कार्बन हवेत जातो तेवढा घटवून किंवा भरून काढून हिशेब शून्यावर आणायचा. या आराखड्याची पहिली बैठक बहुतेकदा सोलर पॅनेलच्या कोटेशनपासून सुरू होते, आणि पहिली चूक तिथेच होते. आधी इंधन आणि विजेच्या वापराची वही घाला: बारा महिन्यांची वीजबिले, घरोघरचे सिलिंडर, गाड्यांचे पेट्रोल, फेरीबोटीचे डिझेल. एक लिटर डिझेलमागे सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड, 14.2 किलोच्या सिलिंडरमागे 42 किलोच्या आसपास, ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो. फेरीबोट सरकारची म्हणून ती वहीतून गाळू नका. दिवाडीचे येणे-जाणे तिच्यावरच चालते.

सगळ्यात महाग पडते ती वार्षिक सरासरी. एक किलोवॉट पॅनेलमागे दिवसाला चार युनिट धरतात. उन्हाळ्यात तेवढी सहज मिळतात, पण आषाढाच्या झडीत दोन मिळाली तरी पुष्कळ. आणि चतुर्थी येते ती पावसाळ्यातच! परगावचे सगळे घरी जमतात, फ्रिज-मिक्सर-पंखे दिवसभर चालू. म्हणून मागणी आणि उत्पादन महिन्यावार शेजारीशेजारी मांडा. ही तूट भरायला तीन दिवसांची बॅटरी घेऊ नका, पैसे बुडतात. संध्याकाळी सात ते अकराचा वापर चार युनिट असेल तर 5 किलोवॉट-तासांची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी पुरते, बाकीचे ग्रिडवर सोडा. डेन्मार्कच्या साम्सो बेटाने पवनचक्क्या उभारल्या, तरी मुख्य भूमीकडची केबल ठेवलीच.

वीज गेली की छतावरचे सोलरही बंद पडते, आणि लोकांना वाटते यंत्र बिघडले. लाइनमनला शॉक बसू नये म्हणून साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर मुद्दामच थांबतो. आरोग्य केंद्र आणि पाण्याच्या पंपाला हायब्रिड, म्हणजे वीज गेली तरी बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टरच हवा.

भर दुपारी इन्व्हर्टर पुन्हापुन्हा ट्रिप होतो? आठवडाभर बारा ते दोनच्या दरम्यान व्होल्टेज टिपून ठेवा. 253 व्होल्टच्या वर जात असेल तर एकाच फेजवर, वायरीच्या टोकाच्या घरांत जास्त पॅनेल बसलेत. घरे तीन फेजांत वाटा, सर्व्हिस वायर जाड घ्या, ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करण्याची सोय) तपासायला वीज खात्याकडे अर्ज करा.

खाऱ्या हवेत छोटी कामे मोठी होतात. अर्थिंगची तांब्याची तार अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर थेट आवळली की सांध्यावर पांढरी भुकटी धरते आणि अर्थिंग तुटते. मध्ये बायमेटल वॉशर घाला. बोल्ट 316 ग्रेडचे स्टेनलेस घ्या. कौलांवर पॅनेल टेकवू नका. भार वाशांवर यायला हवा, आणि वासे वाळवीने पोखरलेत का ते आधी ठोकून पाहा.

जागा कमी पडली की नजर खाजनाकडे, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीकडे जाते. तिथे खांब रोवू नका: बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडणारी दारे) भरती-ओहोटीचे पाणी ताब्यात ठेवतात, म्हणूनच गावात भात पिकते. शाळा, पंचायत, बाजार यांच्या स्लॅबवर आधी पॅनेल बसवा. किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट लागतात.