बिनहवेचा टायर बसवताय? या चुका टाळा

पंक्चरचा वैताग आला की माणूस बिनहवेच्या टायरकडे वळतो. वळायला हरकत नाही. पण साध्या टायरमध्ये गाडीचं वजन हवेच्या दाबावर तोललेलं असतं आणि खड्ड्याचा धक्काही तीच पचवते. हवा काढली तरी ही कामं उरतातच. ती मग रबराच्या, पॉलियुरेथेनच्या (एक प्रकारचं चिवट, लवचीक प्लास्टिक) आऱ्यांच्या आणि बरीचशी गाडीच्या सांगाड्याच्या गळ्यात पडतात. बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात.

आधी नावांचा घोळ. ट्यूबलेसमध्ये ट्यूब नसते, हवा असतेच. रन-फ्लॅटही हवेवरच चालतो. हवा गेली तर जाड बाजूंच्या जोरावर साधारण ताशी ८० किलोमीटर वेगाने ८० किलोमीटरपर्यंत नेतो, एवढंच. खरे बिनहवेचे म्हणजे भरीव रबराचे, आत फोम भरलेले किंवा आऱ्यांचे. मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीने २००५ साली दाखवलेला ‘ट्वील’ हा आऱ्यांचा.

दुसरी चूक, हळू चालणाऱ्या यंत्राचा टायर वेगाने पळवणं. आरे प्रत्येक फेऱ्यात वाकतात, सरळ होतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. भरीव रबरात ती बाहेर पडायला वावच नसतो. त्यामुळे फोर्कलिफ्ट, गवतकापणी यंत्र, स्किड-स्टीअर लोडर (माती-मुरूम उचलणारं छोटं यंत्र) यांवर हे टायर छान चालतात, पण तोच लोडर लांबवर रस्त्याने चालवत नेला तर रबर आतून शिजतं. अंतर मोठं असेल तर यंत्र ट्रेलरवर चढवा. मोटारींचं घोडंही बरंचसं इथेच अडतं. मिशेलिनने २०१९ मध्ये जनरल मोटर्ससोबत ‘अप्टिस’ हा मोटारींसाठीचा बिनहवेचा टायर जाहीर केला, तेव्हा २०२४ पर्यंत तो प्रवासी मोटारींवर आणायचं ठरलं होतं. २०२३ मध्ये सिंगापुरात डीएचएल या कुरिअर कंपनीच्या व्हॅनवर त्याच्या चाचण्या सुरू झाल्या.

सर्वात जास्त रडारड इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांची (उभं राहून चालवायच्या छोट्या स्कूटरची). जाळीदार भरीव टायर रिमवर चढता चढत नाही, मग लोक स्क्रूड्रायव्हर घुसवतात आणि रिमची कड वाकते किंवा टायरच फाटतो. टायर आधी गरम पाण्यात काही मिनिटं ठेवून मऊ करा, टायर लिव्हर (टायर चढवायची चपटी पट्टी) वापरा आणि एका बाजूने थोडा थोडा सरकवत न्या. दोन माणसं असली तर शिव्या निम्म्या होतात. सहज, हाताने बसला तर मात्र खूश होऊ नका. माप सैल आहे आणि वळणावर तो रिमवरून सरकेल. बसवल्यावर पुढचा दांडा, घडीचा सांधा, चाकाचे नट यांवर लक्ष ठेवा. जो धक्का हवा खायची तो आता तिथे पोचतो आणि बोल्ट सैल होतात. पहिल्या आठवड्यात रोज तपासलं तरी जास्त नाही. ओल्या रस्त्यावर ब्रेक आधीपेक्षा लवकर लावा, कारण कडक रबराची पकड कमी असते.

आऱ्यांचं चाक अचानक थरथरायला लागलं तर आधी आरे बघा. चिखल किंवा खडे एका बाजूला अडकून वाळले की तोल जातो, धुतल्यावर थरथर थांबते. न थांबल्यास तुटलेला आरा शोधा. उभ्या गाडीने बरेच दिवस एकाच जागी वजन टाकलं असेल तर सुरुवातीला धपधप जाणवेल. ती थोडं अंतर गेल्यावर मावळली तर घाबरू नका.

फोम भरण्याआधी मात्र दोनदा विचार करा. व्हॉल्व्हमधून ओतलेलं पॉलियुरेथेन आत घट्ट होतं, चाक बरंच जड होतं आणि नंतर दाब कमी-जास्त करता येत नाही. वरची नक्षी झिजली की आतला फोम नुसता सोडता येत नाही. टायर कापूनच रिमवरून उतरवावा लागतो, म्हणून आधीच गुळगुळीत झालेल्या टायरमध्ये फोम भरणं म्हणजे तो लवकरच कापायची तयारी करणं.