पहिली मोटरसायकल उभी असतानाच पारखा

माझी पहिली मोटरसायकल पहिल्यांदा पडली तेव्हा तिच्यावर कोणी बसलेलंसुद्धा नव्हतं. शनिवारी घेतली आणि रविवारी आम्ही चौघं दोन गाड्यांवरून समुद्रावर गेलो. वाळूच्या कडेला साइड स्टँडवर लावली, चपला हातात घेतल्या, दहा पावलं चालले असेन-नसेन, मागे धप्पकन आवाज. स्टँडचा पाय हळूहळू वाळूत रुतला होता आणि गाडी डाव्या अंगावर आडवी. क्लचचा लिव्हर वाकला, आरसा गेला. आणि ते १८० किलोचं धूड माझ्याच्यानं हलेना. ‘काय पिकअप आहे!’ म्हणत जिच्यावर भाळले होते, तीच ही गाडी.

तेव्हापासून कोणी विचारलं की ‘पहिली गाडी कोणती घेऊ?’ तर मी सीसी विचारत नाही. आधी बसून दाखव म्हणते. नवशिक्याची गाडी पळतानाच पडते असं नाही. बऱ्याचदा पडते ती सिग्नलला, वळवून घेताना, पार्किंगमधून मागे ढकलताना. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा ती बंद असतानाच तिच्याशी झटापट करा.

रोज जे बूट घालून चालवणार तेच घालून जा. दोन्ही पायांचे चवडे एकदम जमिनीला टेकले पाहिजेत. सीटची उंची कागदावर वाचून काही कळत नाही. सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय आखूड पडतो. माझी उंची पाच फूट एक, मला हे दोनदा फसल्यावर समजलं. मग स्टँड काढा, गाडी न्यूट्रलला टाका आणि बसल्या बसल्या पायांनी चार हात मागे ढकला. डबल स्टँड असेल तर उतरून त्यावर घ्या. विक्रेता ‘मी करतो, मी करतो’ म्हणत धावत येईल, त्याला लांब ठेवा. घरी तो असणार नाही. इथेच घाम फुटला तर ती गाडी तुमची नव्हे, रंग कितीही आवडलेला असो.

इंजिनाबद्दल माझं मत थोडक्यात: १२५ ते २०० सीसी शिकायला भरपूर आहे. एबीएस मात्र असू द्या. समुद्राकडच्या डांबरी वळणांवर वाऱ्यानं वाळूचा पातळ थर पसरलेला असतो. घाबरून ब्रेक दाबला की पुढचं चाक जाम होतं आणि आपण खाली. एबीएस ते जाम होऊ देत नाही. पण त्यावर विसंबून खोल वाळूत घुसू नका. सुट्ट्या वाळूत एबीएसवाली गाडी थांबायला उलट जास्त अंतर घेते.

मी तर म्हणते पहिली गाडी सेकंड हॅन्डच घ्या. ती पडणारच आहे. बघायला जाताना मालकाला आधीच सांगून ठेवा, गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्या गेल्या इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर सकाळी थंड गाडी सुरू व्हायला कुरकुरते, असं समजून चला. सुरू केल्यावर सायलेन्सरकडे बघा. थंडीत थोडी पांढरी वाफ आली आणि विरली तर ठीक. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, तिथूनच मागे फिरा.

मागच्या चाकाच्या दातेरी चक्रावरची चेन दोन बोटांनी मागे ओढा. दातावरून उचलून अर्धा दात उघडा दिसला तर चेन संपली. चक्राचे दात एका बाजूला हुकासारखे वाकलेले असतील तर तेही बदलायचे. पुढच्या शॉकपच्या दांड्यांवर तेलाचं कडं दिसतंय का? म्हणजे तिथून तेल गळतंय. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर घसरतं. लिव्हरची टोकं, हँडलच्या मुठी, फूटरेस्टच्या कडा खरवडल्या असतील तर गाडी किती वेळा लोळली ते कळतं. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चासी नंबर कागदांशी आकडा-आकडा ताडून बघा.

गाडी समुद्राकाठी वापरलेली असेल तर वाकून टाकीच्या खालून बघा. खारी हवा आतून खाते. बोल्टच्या डोक्यांवर गंज, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी, वायरींच्या टोकांना हिरवट थर. वरून पॉलिश मारता येतं, तिथे कोणी मारत नाही.

आता समुद्र. नवीन टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर निसरडेच असतात, तोवर वळणात वाकायची हौस नको. पहिल्या फेरीत डबलसीटही नको, मैत्रिणी रुसल्या तरी चालेल. किनाऱ्यालगत आडवा वारा येतो. त्याला हँडल घट्ट आवळू नका, मुठी सैल ठेवून गुडघ्यांनी टाकी धरा.

गाडी टणक जमिनीवरच लावा, तोंड बाहेर जाणाऱ्या वाटेकडे, पहिल्या गिअरमध्ये. जमीन मऊ असेल तर स्टँडखाली काहीतरी सपाट सरकवा. मी तळहाताएवढी फळी बॅगेत ठेवते, दगडही चालतो. ओली वाळू कडक वाटते म्हणून पाण्यालगत कोणी गाडी नेतं, ते बघून भुलू नका. बहुतेक किनाऱ्यांवर ओहोटी ते भरती साधारण सव्वासहा तास लागतात, म्हणजे दुपारच्या डुलकीत पाणी चाकापर्यंत येऊ शकतं.

आणि पडलीच, तर आधी इंजिन बंद. गिअरमध्ये असू द्या म्हणजे घसरणार नाही. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड काढून ठेवा, नाहीतर उभी होऊन पलीकडे जाईल. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करून सीटला टेका, एका हातात खालची मूठ, दुसऱ्या हातात सीटमागचा धरायचा दांडा, पाठ ताठ. मग पायांनी रेटत छोटी छोटी पावलं मागे. पुढच्या खेपेला ती पुन्हा लोळली तेव्हा मी अशीच एकटीनं उचलली, आणि वजन तेवढंच होतं.

घरी आल्यावर ‘उद्या धुऊ’ म्हणू नका. इंजिन निवलं की साध्या पाण्यानं धुवा, चाकांच्या आतून आणि पोटाखालून विशेष. जेटचा जोरदार फवारा बेअरिंग आणि चेनवर मारला तर वाळू आणि मीठ आतच जातं, त्यापेक्षा बादली आणि फडकं बरं. मग गल्लीत एक चक्कर मारून ब्रेक वाळवा आणि चेन कोमट असतानाच तिला आतल्या बाजूनं ल्यूब लावा, मागचा ब्रेक वाचवून.