छोट्या पेट्रोल इंजिनाला भोवणाऱ्या चुका: तेल, पाणी आणि मिसिंग

मारुती अल्टोचं ७९६ सीसी आणि वॅगनआरचं ९९८ सीसी ही तीन सिलिंडरची इंजिनं चिवट म्हणून ओळखली जातात, आणि ती आहेतही. पण त्यांच्या पोटात ऑइल जेमतेम तीन लिटर आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) चारेक लिटर. त्यातलं अर्धा लिटर ऑइल कमी झालं की सहावा हिस्सा गेला. हेड (सिलिंडरांवरचं झाकण), रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या), बेअरिंग अशी मोठी कामं बहुतेक वेळा इंजिन म्हातारं झालं म्हणून निघत नाहीत. तेल-पाण्यात हयगय झालेली असते.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

‘आपल्याकडे एवढं ऊन, थर्मोस्टॅट कशाला हवा?’ असं म्हणत तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा हा भाग काढून फेकण्याची पद्धत अजून गेलेली नाही. गाडी गरम होत असेल तर हा उपाय चार दिवस लागू पडल्यासारखा वाटतो, कारण मूळ दोष झाकला जातो. पण इंजिन थंड राहिलं की ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइल पातळ करतं. थर्मोस्टॅट अडकला असेल तर नवा बसवा. शंका असेल तर जुना काढून पाण्याच्या भांड्यात उकळत ठेवा. साधारण ८०-९० अंशांच्या दरम्यान त्याची झडप उघडली पाहिजे. नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो.

गरम होण्याचं खरं कारण शोधताना आधी फॅन बघा. एकच फॅन असलेल्या गाडीत एसी लावल्यावर फॅन फिरतो, पण नुसत्या गरमीने फिरत नाही, असं असेल तर संशय टेम्परेचर सेन्सरवर. दोन्ही वेळा फिरत नसेल तर फ्यूज, रिले किंवा मोटर. फॅन ठीक असेल तर रेडिएटरची कॅप: तिचं रबर चिरलं की दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतो. ही अगदी स्वस्त वस्तू, पण ती सोडून थेट रेडिएटर बदलला जातो.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नये. क्षार नळ्यांत बसतात आणि ॲल्युमिनियमचं हेड आतून खाल्लं जातं. तयार कूलंट किंवा कॉन्सन्ट्रेट अधिक डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं. कूलंट बदलल्यावर हवा काढायला विसरू नका: इंजिन थंड असतानाच कॅप उघडा, गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, हीटर पूर्ण गरमवर करून इंजिन चालू ठेवा, पातळी उतरेल तसं भरत राहा. फॅन दोनदा लागून बंद झाला की कॅप लावा. आत हवेचा बुडबुडा राहिला तर पहिल्याच घाटात गाडी उकळते.

काही छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नाही, नुसता लाल दिवा. पाइप फुटून सगळा कूलंट वाहून गेला तर सेन्सर कोरडा पडतो आणि दिवा उशिरा लागतो, कधी लागतही नाही. तोवर हेड वाकलेलं असतं. म्हणून गाडी थंड असताना आठवड्यातून एकदा कूलंटच्या बाटलीतली पातळी बघणं दिव्यावर विसंबण्यापेक्षा बरं. कसारा किंवा आंबोलीचा घाट चढताना काटा वर सरकू लागला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल, आणि जागा मिळताच बाजूला. काटा लाल पट्ट्यात गेला किंवा वाफ दिसली तर इंजिन तिथेच बंद. गरम कॅपला हात नाही, आणि इंजिनावर गार पाणी तर मुळीच नाही.

ऑइल

ऑइल मोजायची दांडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी बघायची. पातळी दोन खुणांच्या मध्ये असली की झालं. वरच्या खुणेपलीकडे ‘थोडं जास्त असू दे’ म्हणून भरलेलं ऑइल क्रँकशाफ्ट फेसाळून टाकतो आणि ते ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत जातं. मग निळा धूर दिसला की रिंगा गेल्याचं निदान होतं.

आवाज दाबण्यासाठी २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल टाकणं ही आणखी एक खोड. ९९८ सीसी इंजिनाला टायमिंग चेन आहे आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. जाड ऑइल सकाळी तिथवर पोचायला वेळ घेतं, तेवढा वेळ चेन खडखडते. मॅन्युअलमधला ग्रेडच वापरा. ऑइल बदलायचं ते १०,००० किमी किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल तेव्हा. रोज तीन-चार किलोमीटरच गाडी चालत असेल तर मात्र सहा महिने.

पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली पिवळट लोणी दिसलं म्हणून घाबरू नका. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, ओल तिथे साचते. दांडीवरचं ऑइलही दुधाळ झालं असेल आणि कूलंट घटत असेल, तेव्हा हेड गॅस्केट (हेडखालचं सील) तपासा.

फिल्टर बदलताना जुन्याचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं नाही ना, हे बोटाने चाचपा. दोन रबरं एकावर एक बसली तर सगळं ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर.

मिसिंग

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं. तीनपैकी एक सिलिंडर असा गेला की पिकअप पडतो आणि स्टेअरिंगपासून सीटपर्यंत सगळं थरथरतं. मग प्लग, कॉइल, थ्रॉटल बॉडी, पेट्रोल पंप एकामागून एक बदलले जातात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी-०३०१, पी-०३०२, पी-०३०३ या कोडमधला शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडर. समजा दुसरा आला. इंजिन बंद करून दुसऱ्याची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पी-०३०३ आला तर कॉइल खराब. पी-०३०२ च राहिला तर तशीच प्लगची अदलाबदल करून बघा, मग इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन. जुन्या गाडीत प्लगकडे जाणाऱ्या एचटी वायर असतील तर रात्री अंधारात बॉनेट उघडा, हात लांब ठेवा; वायर फुटली असेल तर निळी ठिणगी दिसते. उंदरांनी कुरतडलेली वायरिंगही याच वेळी नजरेस पडते.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी रेटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेतल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तो वितळतो, आणि तो कॉइलच्या कितीतरी पट महाग आहे. बॉनेटखाली प्रेशरने धुणंही टाळा, प्लगच्या खड्ड्यात पाणी साचतं.

अल्टोच्या ७९६ सीसीला मात्र वॅगनआरसारखी चेन नसून टायमिंग बेल्ट आहे. तो किलोमीटरइतकाच वयानेही झिजतो, त्यामुळे कमी चाललेल्या जुन्या गाडीतही मॅन्युअलमधल्या मुदतीला बदलावा. बेल्ट तुटला की स्टार्टर नेहमीपेक्षा भरभर, मोकळा फिरतो आणि गाडी पकडत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये खोल बसतो आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट वाढण्याऐवजी कमी होते. सैल टॅपेट वाजतो, लगेच लक्षात येतो. आवळलेला गप्प राहतो आणि व्हॉल्व्ह जाळतो. सकाळी थंड असताना गाडी थरथरते, असं झालं तर प्लग बदलण्याआधी थंड इंजिनावर फीलर गेजने (मोजमापाच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजून घ्या.