थ्रॉटलची थरथर कशी थांबवली

घरच्या फ्लाइट सिम्युलेटरच्या कॉकपिटमधला थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा लिव्हर, हात न लावता थरथरायचा. लिव्हर जागच्या जागी, पडद्यावर मात्र इंजिनाचा आकडा सारखा वरखाली. लिव्हरची जागा वाचणाऱ्या आर्डुइनो उनो या छोट्या सर्किट बोर्डवर रीडिंग ० ते १०२३ मध्ये येतं. माझं ५१० ते ५२२ असं नाचत होतं. आधी लिव्हरसोबत फिरणारा पोटेन्शिओमीटर (जागेप्रमाणे व्होल्टेज बदलणारा भाग) बदलला, काडीचा फरक नाही. मग टॉर्च मारून आत पाहिलं, तर सिग्नलची वायर ट्रिम व्हीलच्या (विमानाचं नाक वर-खाली स्थिर ठेवणाऱ्या चाकाच्या) मोटरच्या वायरींना चिकटून गेलेली! ती दूरच्या बाजूने फिरवली, पोटेन्शिओमीटरच्या मधल्या पायापासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. कोडमध्ये ८ रीडिंगची सरासरी घेतली. फार जास्त रीडिंगची घेऊ नका, लिव्हर सुस्त वाटू शकतो. आता उतरताना थ्रॉटल केसभर मागे घेतला तरी इंजिन तेवढंच ऐकतं. त्या रात्री ओळीने तीन लँडिंग केली.