जाताना सोपं असतं, दुपारी परत उडायचं असतं

परवा विट्याच्या एका पोराचा फोन आला. अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सला पायलटचं ट्रेनिंग चाललंय, प्रायव्हेट पायलट लायसन्स नुकतंच हातात पडलंय, आणि पहिला प्रश्न काय तर, "दादा, रूममेट्सना घेऊन सेडोनाला जाऊ का? एका दिवसात होतं ना जाऊन-येऊन?" होतं रे बाबा. मी पण गेलोतो. जाणं सोपंच असतं, माझी फाटली ती येताना.

मेडिकल, डीजीसीएचे (आपल्याकडचं विमान खातं) पेपर, आरटीआर (रेडिओचं लायसन्स), लायसन्स कन्व्हर्जन हे काही सांगत बसत नाही, ते सगळं एव्हाना तुम्हाला पाठ झालं असेल. सीपीएलला, म्हणजे कमर्शियल लायसन्सला, २०० तास लागतात, त्यातले १०० पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी आपली, आणि ते भरायचा उत्तम मार्ग म्हणजे असल्या डे ट्रिप्स. एकाच धावपट्टीभोवती घिरट्या मारून तास भरणारे मला कधी पटलेच नाहीत, आणि जे न उडताच वहीत पेननं तास भरतात त्यांच्याबद्दल तर न बोललेलं बरं. आमच्या वडिलांचा सातबारा बँकेत पडून होता, ऊसबिल आलं की पहिला हप्ता, मग घर. तिथला एक-एक तास डॉलरमधे. तेव्हा ते तास खरे असू देत आणि त्यातनं काहीतरी शिकायला मिळू दे, एवढंच माझं म्हणणं.

आता सेडोना. ज्यांनी पाचगणीचं टेबललँड बघितलंय त्यांना हे विमानतळ लगेच कळेल. सपाट माथ्याचा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर धावपट्टी, ५,१३२ फूट लांब, दोन्ही टोकांना जमीन संपते. भोवती लाल सुळके. उंची ४,८३० फूट, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा पण वर. धावपट्टीला उतार आहे, त्यामुळं वारा फार नसेल तर ३ नंबरच्या टोकावरनं चढाला उतरायचं आणि समोरच्या २१ नंबरच्या टोकावरनं उताराला निघायचं अशी पद्धत. टॉवर नाही, रेडिओवर एकमेकांना सांगत यायचं. फिनिक्सच्या डीअर व्हॅली विमानतळावरनं साधारण ७० नॉटिकल मैल, सेसना १७२ या चार सीटच्या छोट्या विमानाला पाऊण तास. ऐकायला किती सोपं ना?

जूनमधली गोष्ट. फिनिक्सजवळच्या चँडलरला माझा मामेभाऊ असतो, दादा आणि वहिनी दोघंही आयटीत. वहिनीनं सांगलीचं भडंग आणलेलं, मामीनं पाठवलेलं. साडेसात हजार फुटांवर गेलो तर ते पाकीट असं फुगलं की वहिनी म्हणाली, "अरे हे फुटणार आता." दादा हसतोय, मी पण हसतोय. बाहेरची हवा किती विरळ झालीय ते माझ्या शेजारच्या सीटवर फुगून बसलं होतं आणि मी त्याचे फोटो काढत होतो!

सकाळी निघताना मी सगळं केलेलं. वेट अँड बॅलन्स, म्हणजे वजनाचा हिशेब केला, बसत होता. डीअर व्हॅलीचा टेकऑफ काढला, म्हणजे किती धावपट्टी लागेल ते, सेडोनाचं लँडिंग काढलं. झकास उतरलो. पॅनकेक खाल्ले, फोटो काढले, आणि इन्स्ट्रक्टरनं पहिल्या दिवसापासून डोक्यात घातलेलं म्हणून टाक्या फुल करून घेतल्या. "टँकरमधलं इंधन तुझ्या काय कामाचं" हा त्याचा आवडता डायलॉग. वाक्य चुकीचं नाही, पण ते फिनिक्सच्या लांब धावपट्टीवर सकाळी सहा वाजता बोललं जातं, डोंगराच्या माथ्यावर भर दुपारी नाही.

साडेबारा वाजता इंजिन चालू होईना. इंजेक्शनवालं इंजिन गरम असलं की लायनीतल्या पेट्रोलची वाफ होते, तो हॉट स्टार्ट वेगळा असतो, आणि मी तो पुस्तकातच वाचलेला. पाचव्या प्रयत्नाला सुरू झालं तेव्हा मी घामाघूम, वहिनी गप्प, दादा विचारतोय, "सगळं ठीक ना?" त्या लाजेत मी रन-अप, म्हणजे उडायच्या आधीची इंजिनची तपासणी, उरकला. चेकलिस्ट म्हणते मिक्स्चर रिच, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त; ते ठरवणारा लाल नॉब मी पूर्ण आत ढकलला, डीअर व्हॅलीला रोज ढकलायचो तसा.

पुढचं आजही आठवतं. थ्रॉटल पूर्ण आत, पण पाठीला सीटचा जो धक्का बसतो तो बसलाच नाही. अर्धी धावपट्टी मागं गेली तरी विमान जमीन सोडेना. बाहेर बघितलं तर जमीन भराभरा पळतीय, म्हणून वाटलं वेग झाला, आणि मी ओढलं. वेगदर्शक ४८ नॉट दाखवत होता, ओढायचं होतं ५५ ला. चाकं उचलली, स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याची, पिपाणी वाजायला लागली, आणि विमान परत धप्पकन खाली. नाक खाली दाबलं, जमिनीला चिकटून थोडा वेग घेतला, आणि तेवढ्यात डोंगर संपला. खाली दरी होती म्हणून वाचलो, हे शब्दशः. पुढं सपाट जमीन आणि झाडं असती तर हे लिहायला मी नसतो. नाक अजून खाली, वेग ७० च्या पुढं, मग मिनिटाला दीड-दोनशे फूट करत कसंबसं वर. सात हजारावर क्रूझची सवय म्हणून लाल नॉब मागं घेतला आणि इंजिनचा आवाजच बदलला, आरपीएम आधीपेक्षा शंभरहून जास्त वाढले. तेव्हा ट्यूब पेटली. पायातलं बळ गेलं ते तेव्हा, टेकऑफला नाही.

आता हे नीट वाचा. कंटाळा आला तरी वाचा, मी दोनदा सांगणारे.

विमानाला नकाशावरची उंची कळत नाही, हवा किती दाट आहे तेवढंच कळतं. प्रमाण हवामान म्हणजे समुद्रसपाटीला १५ अंश आणि दर हजार फुटाला साधारण २ अंश कमी. सेडोनाच्या उंचीला या हिशेबानं सव्वापाच अंश असायला पाहिजेत. त्या दिवशी होते ३५. फरक तीसच्या आसपास. प्रत्येक अंशाला १२० फूट धरा, झाले साधारण ३,६००. त्यात ४,८३० मिळवा. म्हणजे माझं इंजिन, माझा पंखा आणि माझे पंख यांच्या लेखी मी ८,४०० फुटांवरनं उडत होतो. यालाच डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात, परीक्षेत दोन मार्काला असतं. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटाला साधारण ३ टक्के जाते, म्हणजे चौथा हिस्सा तर आधीच गेला. वर मी मिक्स्चर रिच ठेवलेलं. विरळ हवेत तेवढंच पेट्रोल म्हणजे जुनी बजाज चोक ओढून घाटात घालायची, गुदमरणारच. तीन हजार फुटांच्या वरनं टेकऑफ असेल तर थ्रॉटल पूर्ण देऊन, ब्रेक धरून, आरपीएम सगळ्यात जास्त होईपर्यंत लाल नॉब मागं घ्यायचा, हे त्या विमानाच्या पुस्तकातच छापलंय. मी ते वाचलं होतं हो! अधोरेखित पण केलं होतं.

आणि ते जमीन पळतीय वाटणं. हा खरा सापळा. विरळ हवेत वेगदर्शकावर ५५ दिसायला विमान प्रत्यक्षात ६२-६३ नॉटनं पळायला लागतं. डोळ्याला वाटतं झाला वेग, ओढ. नाही झालेला. बाहेर बघून नाही, काट्याकडं बघून ओढायचं. नाक वर गेलं म्हणजे विमान वर गेलं असं नाही. दोन ट्रॉल्या ऊस भरलेल्या ट्रॅक्टरची चढाला पुढची चाकं उचलतात तेव्हा तो काय वर चाललेला असतो का?

वजनाचं पण ऐका. टाकीत पत्र्याचा टॅब असतो, तिथपर्यंत भरलं की वापरण्याजोगं ३५ गॅलन, फुल म्हणजे ५३. जायला ९ लागले. सकाळी टॅबपर्यंतच भरून निघालो असतो तर परतीला २६ उरले असते, आणि परतीची गरज किती? ८-९, वर दिवसा नियमानं अर्धा तास राखीव, म्हणजे अजून ५. दुप्पट होतं की राव. त्याऐवजी मी ५३ घेऊन निघालो. २७ गॅलन जास्त, गॅलनला ६ पाउंड, म्हणजे साधारण ७४ किलो. कारखान्याच्या साखरेचं दीड पोतं मी विनाकारण पंखात भरून घेतलेलं. आणि हे सगळं कागदावर कायदेशीर होतं, कमाल वजनाच्या आत. तेवढंच बघून मी खूश होतो.

तर दुसऱ्यांदा: डे ट्रिपला टेकऑफ दोन असतात. आपण सकाळचा काढतो, कारण तो समोर असतो. दुपारचा काढत नाही, आणि मारतो तो दुपारचा. घरनं निघायच्या आधी, तिथल्या दुपारच्या तापमानाला, तिथल्या उंचीला, परतीच्या वजनाला टेकऑफ काढा, हातानं, कागदावर. ॲप काढून देतं मला माहितीय, माझ्याकडं पण होतं. ॲपनं दिलेला आकडा डोळ्याखालनं जातो, हातानं काढलेला पोटात राहतो. हे माझं मत, नाही पटलं तर सोडून द्या, पण हिशेब सोडू नका.

घाबरवायला नाही सांगत. सकाळी नऊ-दहाच्या आत परतीला निघालात तर यातलं निम्मं आपोआप सुटतं, आणि थंडीत तर हीच ट्रिप म्हणजे निव्वळ सुख आहे. पेजला जा, ४,३१६ फूट, लेक पॉवेलचं निळं पाणी आणि तो ग्लेन कॅन्यनचा बांध, कोलोरॅडो नदीचा हॉर्सशू बेंड वरनं बघितला की कर्ज विसरतं माणूस. मिटिऑर क्रेटरवरनं जाता येतं, सव्वा किलोमीटरचा खड्डा, आपल्या लोणारपेक्षा लहानच आहे पण कोरडा असल्यानं भीतीदायक दिसतो. ग्रँड कॅन्यनवर मात्र कुठनंही घुसता येत नाही, ठरलेले कॉरिडॉर आहेत, उत्तरेला जाताना ११,५०० किंवा १३,५०० आणि दक्षिणेला येताना १०,५०० किंवा १२,५०० फूट. उन्हाळ्यात भरलेली १७२ तिथवर चढवणं म्हणजे बैलगाडीनं पसरणीचा घाट, तेव्हा हिवाळ्यात जा. मॉन्युमेंट व्हॅलीची पट्टी युटात आहे, उन्हाळ्यात घड्याळ ॲरिझोनापेक्षा एक तास पुढं, कारण ॲरिझोना घड्याळ बदलत नाही. "सकाळी नऊ" कुणाचे ते आधी ठरवा.

आणि फर्नेस क्रीक, डेथ व्हॅली. समुद्रसपाटीच्या २१० फूट खाली. अल्टिमीटर उणे दाखवतो, पोरं फोटोसाठी मरतात. म्हणतात उंचीच नाही तर कसली डेन्सिटी अल्टिट्यूड? ४५ अंशाला काढून बघा, ३,३०० च्या वर येते. १९९० च्या जूनमधे फिनिक्सला ५० अंश झाले तर जेट विमानं थांबवलेली, कारण कंपनीच्या तक्त्यात तेवढ्या तापमानाचा रकानाच नव्हता. मोठी विमानं थांबतात, आपण कोण?

हे तिकडचंच खूळ असं पण समजू नका. आपलं कराडचं विमानतळ साधारण १,९०० फुटांवर. एप्रिलमधे दुपारी ३९ अंश धरा आणि वरचाच हिशेब करा, सव्वापाच हजार फूट येतात. बसल्या जागी महाबळेश्वरच्या वर गेलात.

मेंटरबद्दल एकच. माझा इन्स्ट्रक्टर चोवीस वर्षांचा, स्वतःचे तास भरत होता, पोरगा चांगला, पण त्यानं स्वतः कधी सेडोनाहून दुपारी भरलेलं विमान काढलं नव्हतं. मी विचारलंच नाही, त्यानं सांगितलंच नाही. हँगरमधे एक म्हातारबुवा असायचे, दिवसभर कुठलंतरी जुनं विमान खोलून बसलेले, सगळे त्यांना टाळायचे कारण बोलायला लागले की थांबत नसत. त्यांना झालेला प्रकार सांगितला तर हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "लाल नॉब?" एवढंच. असा माणूस शोधा. चहा पाजा. कन्सल्टंटला लाखभर कमिशन देतो आपण, इथं कॉफीवर भागतं.

आणि हो, पॅसेंजरकडनं भाडं घेऊ नका, प्रायव्हेट लायसन्सवर फक्त आपापल्या हिश्श्याचा खर्च वाटून घेता येतो. माणशी चार लिटर पाणी, आणि फ्लाइट फॉलोइंग, म्हणजे कंट्रोलरनं रडारवरनं लक्ष ठेवणं, मागून घ्या, फुकट असतं.

दादा-वहिनीला खरं काय झालं ते मी दोन महिने सांगितलं नाही. मग एका रविवारी जेवताना सांगून टाकलं. दादा काही बोलला नाही, वहिनी म्हणाली, "ती शिट्टी कसली होती ते मी विचारणारच होते." नोव्हेंबरमधे परत निघालो, तेच विमान, टॅबपर्यंत इंधन, सकाळी सात. वहिनी विमानाजवळ आली, आत बसेना. हात पुढं केला. "कागद दाखव. परतीचा."

दाखवला. १२ अंशाला ५,६०० च्या आसपास. तिनं फोनच्या कॅल्क्युलेटरवर १२० नं गुणून बघितलं, मग बसली.